वसंत नाही कसा? कुसुंब बघा

"आपल्याकडे वसंत नसतोच, थंडी गेली की थेट उन्हाळा" हे आवडत्या ऋतूंच्या क्रमवारीवरच्या या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. क्रमवारीत पावसाळ्याला पहिला नंबर द्या, हरकत नाही. पण वसंताला यादीतूनच काढून टाकू नका. माझ्या यादीत तो पहिला, मग शरद, आणि पावसाळा तिसरा. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा, पण झाडं तेवढं थांबत नाहीत. पळस, पांगारा, काटेसावर माघ-फाल्गुनातच फुलायला लागतात, म्हणजे कागदावर शिशिर चालू असतानाच. वसंतपंचमीसुद्धा माघातच येते की!

पळसाबद्दल सगळेच बोलतात, कुसुंबाच्या झाडाचं नाव मात्र इथे कुणी काढलं नाही. मार्चमध्ये ताम्हिणी घाटातून जाताना लांबून वाटतं, झाड लालभडक फुललंय. जवळ गेलं की कळतं, ती फुलं नाहीत, पालवी आहे. मी एकदा गाडी थांबवून एक पान हातात धरलं होतं: ओल्या रेशमासारखं लुळं, चकचकीत, आणि उन्हाकडे धरलं तर आरपार लाल. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायच्या आधी हा लाल रंग उन्हापासून त्याचं रक्षण करतो असं म्हणतात. थोड्याच दिवसांत तेच झाड हिरवंगार होतं. पावसाला अजून तीन महिने असतात, जमीन तापून भेगाळलेली असते, आणि हे झाड मुळाशी उरलेल्या ओलीवर अंगभर नवी पानं काढतं. पुढच्या मार्चमध्ये एकदा घाटात जाऊन या, मग क्रमवारी लावा.