‘ई’वरून मुलीसाठी दोन अक्षरी, वेगळं नाव

जास्वंद:
कृत्तिका नक्षत्र, दुसरा चरण, म्हणजे अक्षर ‘ई’. बारसं येत्या रविवारी. आडनाव पाच अक्षरी आहे, म्हणून नाव दोनच अक्षरी हवं. ईशा, इरा आता फार झाल्या. मायरा-कियारा छापाचंही नको. यादीत उरलीत इळा, ईहा आणि ईक्षा. कोणतं ठेवावं? आणि जन्मनोंदीत नाव लगेच द्यावंच लागतं का?

अनुस्वार:
तिन्ही अस्सल संस्कृत आहेत, हे उत्तम. इळा म्हणजे पृथ्वी, वाणी; पुराणात मनूची मुलगी. ईहा म्हणजे इच्छा, प्रयत्न. ईक्षा म्हणजे दृष्टी. नावांच्या साइटवर कशाही पुढे ‘देवीचं नाव’ लिहून मोकळे होतात, त्यामुळे अर्थ आपट्यांच्या संस्कृत कोशातच बघा.

इळाला मात्र दोन अडचणी आहेत. गावाकडे विळ्याला इळाच म्हणतात. शिवाय इंग्रजीत ळ नाही, म्हणजे शाळेच्या हजेरीत ती इला होणार. मग ‘इलाला हाक मार’, ‘इलाला जेवायला वाढ’ म्हणून बघा, दोन ‘ला’ लागोपाठ आले की जीभ अडखळते. कुठलंही नाव ला, नं, ची, कडे लावून मोठ्यानं म्हणायचं. घरात नुसतं नाव फार कमी वेळा तोंडी येतं.

मोगरा:
ईक्षाला पहिलीच्या वर्गात ‘रिक्षा’ चिकटणार, हे धरून चाला. ईहा कानाला गोड आहे, पण दोन स्वरांमधला ‘ह’ घाईत विरतो आणि ‘ईआ’ ऐकू येतं. फोनवर नाव सांगताना दर वेळी फोड करावी लागेल.

‘इंदू’चा विचार केलात का? अर्थ चंद्र. अनुस्वारामुळे हाक ठणठणीत लागते, इंदूला, इंदूनं, इंदूची सगळं सरळ जातं. आजीच्या पिढीतलं नाव आहे, म्हणूनच आज वर्गात दुसरी सापडणं कठीण. माझं मत इंदूला. अक्षराला ऱ्हस्व इ चालते.

आणि अक्षर जुळलंच पाहिजे असंही नाही. पाळण्यात राशीचं नाव वेगळं आणि व्यवहाराचं वेगळं, ही आपली जुनीच पद्धत आहे.

दवंडी:
नोंदीबद्दल. जन्माची माहिती 21 दिवसांत द्यावी लागते, नाव नाही. नावाची जागा रिकामी ठेवून नोंद होते. पुढे 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा रविवारसाठी घाई नको.

बाल आधारचीही घाई करू नका. ‘बेबी ऑफ अमुक’ नावानं काढलं तर नंतर नाव बदलावं लागतं, आणि आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नावही येतं: बाळ, आई, वडील, आडनाव. दोन अक्षरी नावाचा खरा फायदा तिथे होतो. चारही शब्द एका ओळीत लिहून बघा.

दाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे असतं. इंग्रजी स्पेलिंग तुम्हीच अर्जावर ठळक अक्षरांत लिहून द्या. छापण्याआधी मराठी नाव स्वतः वाचा; इंदू ठेवलंत तर पहिली इ ऱ्हस्व, वर अनुस्वार, शेवटचा दू दीर्घ.