मैदानाचे आरक्षण मुख्य सभेच्या ठरावाने उठते का?

प्रश्न: कोथरूडमध्ये आमच्या सोसायटीलगतच्या भूखंडावर १९८७च्या विकास आराखड्यापासून मैदानाचे आरक्षण आहे. ते निवासी करण्याचा ठराव महापालिकेच्या मुख्य सभेने मंजूर केल्याचे समजते. आता काय करता येईल?

उत्तर: नुसत्या ठरावाने आरक्षण उठत नाही. नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ३७ नुसार फेरबदलाची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. हरकत लेखीच द्यावी. पोचेवर आवक क्रमांक आणि शिक्का आहे ना, हे खिडकीवरच पाहावे.

दुसरे उत्तर: मला खरी भीती याच अधिनियमाच्या कलम १२७ची वाटते. दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, मालकाने खरेदी सूचना (जागा विकत घ्या, अशी नोटीस) बजावली आणि त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप व्यपगत होते, म्हणजे संपते. त्यामुळे अशी सूचना आली आहे का, हे माहिती अधिकारात आधी विचारावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अर्ज उद्याच देतो.