त्याच त्याच मुलांना जंत पुन्हा पुन्हा का होतात?

गावकूस
वस्ती एक, विहीर एक, शाळाही एकच. फेब्रुवारीत सगळ्या मुलांना अल्बेंडाझोल ही जंतांची गोळी दिली. जूनमध्ये त्याच चार-पाच घरांतल्या मुलांच्या शौचात गोल जंतांची अंडी भरमसाट, बाकीच्यांत नावापुरती. नेपाळच्या जिरेल लोकांचा दाखला देऊन काही जण म्हणतात की हे रक्तातच असतं. तथ्य किती? आणि पुन्हा गोळी देण्याआधी काय तपासावं?

वंशावळ
जंत येतात मातीतूनच. पोटात गेलेल्यांपैकी किती टिकाव धरतात, यात अनुवंशाचा हात असतो. जिरेल समाजातल्या हजाराहून जास्त माणसांची एकच वंशावळ मांडून 1999 साली हिशेब झाला: गोल जंतांच्या भारातला, म्हणजे कुणाच्या पोटात किती जंत यातला, 30 ते 50 टक्के फरक आनुवंशिक, एका घरात राहण्याचा वाटा जेमतेम 3 ते 13 टक्के. 2002 मध्ये 1 आणि 13 क्रमांकाच्या गुणसूत्रांवर या अनुवंशाचे धागेदोरेही मिळाले.

पण हे आकडे त्या गावाचे आहेत. सगळ्यांच्याच अंगणात अंडी असली की घराघरांत फरक उरत नाही, मग जनुकांचा वाटा आपोआप मोठा दिसतो. निम्म्या घरांत संडास असलेल्या वस्तीला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तुम्ही पाहताय ते मात्र नवं नाही. तमिळनाडूत पुलिकत सरोवराकाठच्या कोळी वस्तीत औषधानंतर ज्यांचा भार आधी जास्त होता, बहुतेक त्यांचाच पुन्हा वाढलेला आढळला (1987). मात्र घराणं आणि अंगण दोन्ही एकच असलेल्या चार-पाच घरांवरून कारण सांगता येणार नाही.

काचपट्टी
फेब्रुवारी ते जून हे अंतर फार झालं. अंडं पोटात गेल्यापासून मादी अंडी घालेपर्यंत दोन-तीन महिने जातात, म्हणजे जूनची अंडी नव्या लागणीचीही असू शकतात. गोळीनंतर 14 ते 21 दिवसांत तपासा. तेव्हाच अंडी दिसली तर गोळी पोटात गेलीच नाही किंवा लागू पडली नाही. तेव्हा स्वच्छ आणि जूनमध्ये भरलेलं, तर पुन्हा लागण.

काटो-कॅट्झ या शौच-तपासणीच्या पद्धतीतल्या साच्यात 41.7 मिलिग्रॅम शौच बसतं, म्हणून मोजलेली अंडी गुणिले 24 म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. अंकुशकृमी या दुसऱ्या जातीच्या जंतांसाठी काचपट्टी अर्ध्या ते एका तासात वाचा. काचपट्टीवरच्या ग्लिसरीनने ती अंडी विरून जातात आणि अहवाल फुकट 'निरंक' येतो. चाबूककृमी ही तिसरी जात असेल तर अल्बेंडाझोलची 400 मिलिग्रॅमची एक गोळी बऱ्याचदा पुरत नाही, तिथे जनुकांना दोष देऊ नका.

शोषखड्डा
आधी त्या घरांतल्या तान्ह्यांची शी कुठे टाकतात ते बघा. 'बाळाची शी घाण नसते' म्हणून ती परसात, केळीच्या बुंध्याशी जाते. गोल जंताची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ओलसर, सावलीतल्या मातीत ती दोन ते चार आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात आणि अनुकूल जागी काही वर्षंही टिकतात. त्याच जागी भावंडं खेळतात, माती नखांत बसते. शी संडासात टाकायची, नखं कापायची, जेवणाआधी साबणाने हात धुवायचे.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर भरलेला खड्डा निदान वर्षभर, जमलं तर दोन वर्षं बंद ठेवा. चार महिन्यांत उपसून ते खत भाजीला घातलं की अंडी परत ताटात.

शिवाय शाळा-अंगणवाडीतली मोहीम 1 ते 19 वर्षांपुरती. घरातली मोठी माणसं तशीच राहतात, आणि अंकुशकृमी तर त्यांच्यातच जास्त. अनवाणी शेतात जाणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिनही बघून घ्या.

गावकूस
तीन घरांत तान्ही बाळं आहेत. पुढच्या फेरीत पंधराव्या दिवशी नमुने घेतो.