खरेदीखतात गट नंबर चुकला आहे आणि लिहून देणार (जमीन विकणारे) हयात नाहीत. दुरुस्ती कशी करावी?

प्रश्न

वडिलांनी २००९ मध्ये एक हेक्टर वीस आर जिरायत जमीन नोंदणीकृत खरेदीखताने घेतली. गेल्या महिन्यात कर्जासाठी कागदपत्रे दिली, तेव्हा बँकेच्या वकिलांनी दाखवून दिले की, दस्तात आणि सूची क्रमांक दोनमध्ये (नोंदणी कार्यालयाकडून मिळणाऱ्या दस्ताच्या गोषवाऱ्यात) गट नंबर २४१/२ ऐवजी २१४/२ असा पडला आहे. चतुःसीमा, क्षेत्र आणि आकार (शेतसारा) मात्र २४१/२ चेच आहेत, फेरफारही त्याच गटावर मंजूर होऊन सातबाऱ्यावर वडिलांचे नाव लागले आहे. लिहून देणारे गृहस्थ वारले असून त्यांच्या तीन वारसांपैकी दोघे सहीला तयार आहेत, तिसरे ‘बघू’ म्हणतात. महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा, असा सल्ला मिळाला. तो योग्य आहे का?

प्रतिसाद १

तो सल्ला आपल्या कामाचा नाही. कलम १५५ अधिकार अभिलेखातील, म्हणजे सातबारा, फेरफार यांसारख्या महसुली नोंदींतील लेखनप्रमादासाठी आहे आणि आपला सातबारा तर बरोबरच आहे. चूक दस्तात जन्मली, सूचीने ती तशीच उचलली. म्हणून दुरुस्तीही दस्तानेच व्हायला हवी. (दस्त बरोबर असून केवळ सूची चुकली असती, तर दुय्यम निबंधकांकडे अर्ज करून भागण्याची शक्यता होती.)

सर्व वारसांना लिहून देणार करून चूकदुरुस्ती लेख तयार करावा आणि त्यात मूळ दस्ताचा क्रमांक, दिनांक, चुकीचा मजकूर व त्याऐवजी वाचावयाचा मजकूर स्पष्ट लिहून तो नोंदवावा. क्षेत्र किंवा मोबदला यांना हात लावू नये, कारण तसे केल्यास तो नवा व्यवहार समजून बाजारमूल्यावर मुद्रांक शुल्क मागितले जाऊ शकते. मूळ दस्तावर पेनाने खाडाखोड तर चुकूनही करू नये. अशी ‘दुरुस्ती’ केलेले दस्त मी पाहिले आहेत आणि त्यांनी साधी चूक संशयास्पद करून ठेवली आहे.

प्रतिसाद २

तिसऱ्या वारसांनी नकारच दिला, तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ प्रमाणे दिवाणी न्यायालयात दस्तदुरुस्तीचा दावा लावता येतो. उभयपक्षी चुकीमुळे दस्तात खरा हेतू उतरला नाही, हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी २१४/२ चे त्या काळातील सातबारे आधी काढा. त्या गटावर लिहून देणाऱ्यांचे नाव कधीच नसेल, तर जी जमीन त्यांची नव्हती ती विकण्याचा त्यांचा हेतू असणे संभवत नाही, हा आपला सर्वांत भक्कम मुद्दा ठरेल. जोडीला मोजणीचा नकाशा आणि पीकपाहणीच्या नोंदी ठेवाव्यात. मात्र दावा लांबतो, म्हणून आधी बोलणी करावीत.

प्रश्नकर्ता

२१४/२ चे सातबारे काढले. तेथे पूर्वीपासून दुसऱ्याच कुटुंबाची नावे आहेत. ते उतारे समोर ठेवल्यावर, सहीने आपली कोणतीही जमीन जात नाही, हे तिसऱ्या वारसांना पटले. ते परगावी असतात, एवढीच अडचण उरली आहे.

प्रतिसाद ३

त्यांनी भावाच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून दिल्यास येण्याची गरज उरणार नाही. एक मात्र करा: नोंदणी झाल्यावर नवी सूची क्रमांक दोन कार्यालयाबाहेर पडण्यापूर्वीच अक्षर न् अक्षर वाचा. आमच्या चूकदुरुस्ती लेखात मूळ दस्ताचे वर्षच चुकले होते आणि त्यासाठी आणखी एक चूकदुरुस्ती लेख करावा लागला.