ग्रामीण कौंटीतील तीन चार्टर शाळा: तुलना नेमकी कशावरून करावी?

प्रश्न
नमस्कार. येत्या उन्हाळ्यात आम्ही उत्तर कॅलिफोर्नियातील एका ग्रामीण कौंटीत राहायला जात आहोत आणि ऑगस्टमध्ये मुलगी चौथीत जाईल. घरापासून गाडीने पाऊण तासाच्या आत तीन सार्वजनिक चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण ठरावीक मुदतीच्या सनदेखाली स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळा) आहेत. राज्याच्या चाचणीत एका शाळेचा गणिताचा निकाल दुसरीच्या जवळजवळ दुप्पट दिसतो, तर तिसरीच्या रकान्यात आकड्याऐवजी नुसती चांदणी आहे. फी कुठेच नाही. मग निवड करायची ती कशावरून?

प्रतिसाद 1
चांदणीचा अर्थ निकाल वाईट असा नव्हे. चाचणी देणारी मुले 10 किंवा त्याहून कमी असली, तर त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून राज्य आकडा झाकते. इतक्या लहान शाळांत टक्केवारी फार फसवी असते: वर्गात 14 मुले असतील, तर एकेका मुलामागे निकाल 7 टक्क्यांनी हलतो, आणि परीक्षेच्या दिवशी दोघे तापाने फणफणलेले असले तरी शाळा ‘घसरली’ असे दिसते. म्हणून निदान तीन वर्षांचे निकाल, मुलांच्या संख्येसह, शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

प्रतिसाद 2
त्याआधी शाळा रोज भरते का, हे विचारा. कॅलिफोर्नियात 80 टक्क्यांहून कमी अध्यापन वर्गात होत असेल, तर ती शाळा ‘वर्गाबाहेरील’ प्रकारात मोडते, आणि ग्रामीण भागात अशा चार्टर शाळा बऱ्याच आहेत. आमचा मुलगा वर्षभर तशाच एका शाळेत होता. शिक्षिका मनापासून शिकवणाऱ्या होत्या. परंतु त्यांची भेट आठवड्यातून एकदाच होत असे, आणि उरलेले चार दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अपूर्णांक शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, ज्याची कल्पना प्रवेश घेताना मला कोणी दिली नव्हती. बसचेही विचारून घ्या, कारण चार्टर शाळेवर बस पुरवण्याची सक्ती नाही.

प्रतिसाद 3
मी निकालांपेक्षा सनदेच्या नूतनीकरणाची कागदपत्रे आधी वाचेन. 2019 च्या कायद्यानुसार सरस ठरलेल्या शाळेची सनद 5 ते 7 वर्षांसाठी, मधल्या गटातील शाळेची 5 वर्षांसाठी वाढवली जाते; तळच्या गटातील शाळेला सहसा नकारच मिळतो आणि अपवाद झालाच तर 2 वर्षे मिळतात. शाळेच्या मंडळाच्या बैठका खुल्या असतात व नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते. शिक्षक वारंवार सोडून जात आहेत का, पटसंख्या गळते आहे का, हे तिथे चटकन कळते. आणखी एक गोष्ट: जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत निघते आणि त्यात त्या शालेय जिल्ह्यातील (सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक विभागातील) रहिवाशांना प्राधान्य असते, त्यामुळे घराचा करार करण्यापूर्वी पत्ता कोणत्या जिल्ह्यात पडतो ते तपासा.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. आज फोन करून विचारले: ‘दुप्पट’ निकालाच्या शाळेत गेल्या वर्षी तिसरीत 13 मुले होती आणि त्यांच्या बाई जूनमध्ये शाळा सोडून गेल्या. चांदणीची शाळा मात्र आठवड्याचे पाचही दिवस भरते. तिच्या मंडळाची बैठक मंगळवारी आहे, तिला जाऊन येते.