तुमच्या छोट्या गाडीचं खरं ॲव्हरेज किती? नोंदींसह अनुभव लिहा

"किती देते?" हा प्रश्न गाडीवाल्याला सगळेच विचारतात, आणि उत्तर बहुतेक वेळा अंदाजपंचे दिलं जातं. माझी १ लिटर इंजिनची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेली अडीच वर्षं टाकी फुल केली की मी वहीत तारीख, ओडोमीटर, भरलेले लिटर आणि गाडी कशी चालली हे लिहितो. पद्धत साधी आहे. टाकी भरत आल्यावर पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं, म्हणजे कट झालं, की थांबायचं. पुढच्या वेळीही, शक्यतो त्याच पंपावर, पहिल्याच कटला थांबायचं. मधल्या किलोमीटरना आत्ता भरलेल्या लिटरनी भागायचं.

एका टाकीच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. कट लिटरभर मागेपुढे होतो, आणि २५ लिटरमध्ये १ लिटर म्हणजे ४ टक्के. पाचसहा टाक्या एकत्र धरल्या की ही चूक विरते. माझा हिशेब: गर्दीत १४ ते १५, मोकळ्या रस्त्यावर २० च्या आसपास. डॅशबोर्ड मात्र कायम थोडं वाढवूनच सांगतो.

तुम्हीही लिहा. आकडा कमी असला तरी लिहा, आणि सोबत रस्ता, वेग, एसी, माणसं किती तेही सांगा. त्याशिवाय नुसत्या आकड्याचा कोणाला उपयोग नाही.

*

माझं ऑफिस साडेतीन किलोमीटरवर आहे आणि ॲव्हरेज ११ च्या वर जात नव्हतं. गॅरेजच्या दोन फेऱ्या झाल्या, प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, फरक शून्य. मग नोंदी नीट पाहिल्या तेव्हा कळलं की इंजिन पुरतं तापायच्या आतच मी गाडी बंद करते. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, आणि माझा जवळजवळ सगळा प्रवास त्याच अवस्थेत होतो. आता बाजारहाट आणि इतर कामं ऑफिसवरून येतानाच, एका फेरीत उरकते. तीच गाडी १३ च्या पुढे गेली आहे.

*

कंपनी गाडीचं जे ॲव्हरेज सांगते त्या आकड्याचा मला खूप राग यायचा. नंतर चाचणी कशी होते ते वाचलं. युरोपातली २०१७ पासूनची डब्ल्यूएलटीपी ही इंधन किती लागतं ते मोजणारी चाचणी ३० मिनिटांची, सुमारे २३ किलोमीटरची असते. ती रस्त्यावर नाही, प्रयोगशाळेत चाकांखालच्या रोलरवर होते आणि एसी बंद असतो. तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला. आपल्या रस्त्यावर तेवढाच मिळेल असं धरून खर्चाचा हिशेब मांडू नये.

*

वहीने माझं इंजिन वाचवलं असं मी मनापासून म्हणेन. दोन वर्षं १७ ते १८ देणारी गाडी सलग तीन टाक्या १५ वर आली. रस्ता तोच, माणसं तीच, चाकांत हवा बरोबर. गॅरेजवाले म्हणाले, "पेट्रोल खराब असेल." पंप बदलून पाहिला, तरी १५ च. तेव्हा लक्ष गेलं की तापमानाचा काटा नेहमीच्या जागी पोचतच नाही, आणि उतारावर तर आणखी खाली येतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला होता. कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत राहायचं, इंजिन गरम व्हायचंच नाही, आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्याला थंड समजून जास्त पेट्रोल देत राहायचा. एक छोटा सुटा भाग बदलला आणि पुढच्याच टाकीला १७.४ आलं. नोंद नसती तर "गाडी जुनी झाली" म्हणून मी तशीच चालवली असती, आणि थंड इंजिनाची झीजही जास्त होते.

*

मोकळ्या रस्त्यावर ८० ने आणि १०० ने, एकाच मार्गावर, तीन-तीन टाक्या करून पाहिल्या. २१.५ आणि १८. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १०० ला तो दीडपटीहून जास्त होतो.

*

घाट उतरताना न्यूट्रल टाकणाऱ्यांना विनंती, कृपा करून टाकू नका. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या आजच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

*

मोठ्या व्यासाचे टायर घातल्यावर माझं ॲव्हरेज एकदम पडलं. खरं तर चाक कमी वेळा फिरत होतं, त्यामुळे ओडोमीटर कमी किलोमीटर मोजत होता. जीपीएसशी ताडून पाहिलं तर खऱ्या १०० किलोमीटरला गाडी ९७ दाखवत होती. आता तेवढी दुरुस्ती करूनच वहीत लिहितो. मग जो फरक उरला तो रुंद, जड टायरचा खरा तोटा.

*

धागाकर्ता: थर्मोस्टॅटचा अनुभव वाचून मी आज लगेच काटा पाहिला! दोन गोष्टी राहिल्या होत्या. एक, टाक्यांच्या सरासरीची सरासरी काढू नका. एक टाकी ४०० किमी आणि २० लिटर, दुसरी १०० किमी आणि १० लिटर, तर उत्तर १५ नाही. ५०० भागिले ३०, म्हणजे १६.७. दोन, कट झाल्यावर गळ्यापर्यंत ओतून हिशेब अचूक होत नाही, उलट पेट्रोलची वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरून तो खराब होऊ शकतो.

*

वर एसीचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मोकळ्या रस्त्यावर मला जेमतेम १ किलोमीटरचा फरक पडतो. गर्दीत मात्र तिप्पट. गाडी उभी असली तरी कॉम्प्रेसर चालतो आणि किलोमीटर वाढत नाहीत. एसी बंद असतानाही उभ्या छोट्या गाडीला तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर लागतं. म्हणून मी आता वहीत किलोमीटरशेजारी इंजिन किती तास चालू होतं तेही लिहितो. चार टाक्या झाल्या आहेत, दहा झाल्या की इथे टाकतो.