एन्फोर्सर गेल्याची हळहळ करणाऱ्यांना माझं उत्तर

सायली_एडमंटन

एन्फोर्सर म्हणजे बर्फावरच्या हॉकीत संघाने मारामारीसाठी ठेवलेला खेळाडू. एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या लीगच्या कालच्या मॅचच्या गप्पांमध्ये 'दादरचा गोलकीपर' यांनी लिहिलंय, "मारामाऱ्या गेल्या आणि एनएचएल मिळमिळीत झालं. एन्फोर्सरना ठोसे मारायचे लाखो डॉलर मिळायचे, कुणी जबरदस्ती केली नव्हती. आता त्यांच्या नावाने गळे काढू नका." तिथे दोन ओळी लिहून गप्प बसणार होते, पण राहवलं नाही.

डेरेक बूगार्ड घ्या. साडेसहा फुटांच्या वर उंची, आधी मिनेसोटा वाइल्ड, मग न्यूयॉर्क रेंजर्स. 277 मॅचेसमध्ये गोल 3. संघात कशासाठी ठेवला होता ते वेगळं सांगायला नको. 2006 मध्ये त्याने टॉड फेडोरुकच्या गालाचं हाड असं फोडलं की आत धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. पुढच्या सीझनला तोच फेडोरुक वाइल्डमध्ये आला आणि दोघं एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसायला लागले. वैर नव्हतंच मुळी, नेमून दिलेलं काम होतं.

2010 मध्ये रेंजर्सनी चार वर्षांसाठी 65 लाख डॉलर कबूल केले. खेळला 22 मॅचेस. डिसेंबरमध्ये ओटावाच्या मॅट कार्कनरशी भिडला, डोक्याला मार बसला, तो परत बर्फावर उतरलाच नाही. मे 2011 मध्ये मिनियापोलिसला दारू आणि ऑक्सिकोडोन या वेदनाशामक गोळ्यांनी गेला. वय 28. बॉस्टन युनिव्हर्सिटीत मेंदू तपासला तर सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार, निघाला. त्याच ऑगस्टमध्ये आणखी दोन एन्फोर्सर, रिक रिपियन (27) आणि वेड बेलाक (35) गेले. चार महिन्यांत तिघं! समोरच्या संघात कोण आहे ते बघून आदल्या रात्री झोप उडायची, हे किती माजी एन्फोर्सरनी स्वतः सांगितलंय. त्यांच्या घरच्यांसमोर उभं राहून "पैसे मिळत होते ना" म्हणवेल का तुम्हाला?

दादरचा गोलकीपर

अर्धं वाक्य धरून धागा काढलात. तुम्ही राहता एडमंटनला, तेव्हा तिथल्या ऑइलर्स संघाचा एन्फोर्सर सेमेन्को माहीत असणारच. संघाचा स्टार ग्रेट्झ्की, त्याला आडवं यायची कुणाची छाती नव्हती ती त्याच्यामुळे. 1988 मध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला गेला तेव्हा मॅकसोर्ली हा एन्फोर्सर सोबत गेला, तो काय उगाच? 1992 च्या इन्स्टिगेटर नियमाने ही जरब संपवली. मारामारी सुरू करणाऱ्याला जादा शिक्षा, म्हणून मागून धडका देणारे मोकाट सुटले.

मी ऐंशीच्या दशकात डेट्रॉइटला होतो. जो लुई अरीनात तिथल्या संघाचा एन्फोर्सर प्रोबर्टने मारामारीसाठी हातमोजे टाकले की अख्खं स्टेडियम उभं राहायचं. डाव्या हाताने समोरच्याची जर्सी गच्च धरायची, उजवा हात चालवायचा. पंच बाजूला थांबायचे, एक जण पडला की मगच मध्ये यायचे. त्यात एक शिस्त होती. आणि 1987-88 च्या सीझनला त्याने 29 गोल केलेत, नुसता गुंड नव्हता तो.

सायली_एडमंटन

प्रोबर्ट 45 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. त्याच्याही मेंदूत सीटीई निघाला. तुम्ही टाळ्या वाजवून घरी गेलात, तो काय घेऊन घरी गेला?

आणि शिस्तीचं म्हणाल तर 2004 ची व्हँकूवरची मॅच आठवा. कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने आधी व्हँकूवरच्या नॅसलंडला धडक दिली होती, त्याचा हिशोब चुकता करायला नॅसलंडच्याच संघातल्या बर्तुझीने मागून ठोसा घातला. मूरच्या मानेचे मणके मोडले, करियर तिथेच संपलं.

दादरचा गोलकीपर

बर्तुझी एन्फोर्सर नव्हता! गोल करणारा खेळाडू होता. ज्याचं काम नाही तो बदला घ्यायला गेला की हेच होतं. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

खडकीकर_जुने

बर्फावरच्या हॉकीवर एवढी शाई. धनराज पिल्लै आमच्या खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत तुटक्या स्टिकने शिकला. त्याच्यावर कुणी एवढं लिहिलंय का इथे? महाराष्ट्रात हॉकीला विचारतं कोण?

सायली_एडमंटन

काका, वेगळा धागा काढा. मी नक्की येईन.

डॉ_नाशिक

गोळ्यांबद्दल बोलतो. अशा मृत्यूनंतर डॉक्टरांना धोपटायची फॅशन झाली आहे. पेशंट चार ठिकाणी चिठ्ठ्या घेतो, एकाला दुसऱ्याचं सांगत नाही. आम्ही काय त्याच्या मागे फिरायचं? बूगार्डच्या घरच्यांनी एनएचएलवर केलेला दावाही 2017 मध्ये फेटाळला गेलाच की.

मेघना_न्यूजर्सी

डॉक्टर, हे वाचून हात थरथरतायत. माझ्या नवऱ्याचं पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा घरी पाठवताना हातात त्याच जातीच्या गोळ्यांची भरलेली बाटली दिली. संपली की फोन करायचा, पुढची तयार. बघायलाही बोलावलं नाही. शेवटी मीच बाटली कपाटात कुलूप लावून ठेवली, तर हा शांत माणूस रात्री दीड वाजता चावीसाठी माझ्यावर ओरडला. लग्नानंतर पहिल्यांदा. तेव्हा "पेशंट लपवतो" हे मला सांगू नका.

बूगार्डच्या बाबतीत तर चिठ्ठ्या देणारे संघाचेच डॉक्टर आणि डेंटिस्ट होते. एका सीझनमध्ये हजारावर गोळ्या दिल्या असं घरच्यांनी दाव्यात म्हटलंय. 2009 मध्ये एनएचएलच्याच व्यसनमुक्ती कार्यक्रमात तो दाखल झाला होता. म्हणजे सगळं माहीत होतं. दावा कायद्याच्या मुद्द्यांवर फेटाळला गेला. एनएचएलने हे प्रकरण ज्या तऱ्हेने हाताळलं त्याचं हे कौतुक समजू नये, असं न्यायाधीशांनी निकालातच लिहिलंय. निकाल वाचून बोला.

डॉ_नाशिक

ताई, तुमच्या घरी झालं ते वाईटच, पण म्हणून अख्ख्या पेशाला पिंजऱ्यात उभं करू नका. हाताची बोटं फुटलेली, खांद्याचं ऑपरेशन झालेलं, अशा माणसाला वेदनाशामक द्यायचंच नाही का? दुखणं खरं असतं. बाहेर बसून बोलणं सोपं आहे.

मेघना_न्यूजर्सी

मी बाहेर नव्हते, मी त्या कपाटापाशी होते. द्या ना औषध. पण मोजा. आणि शनिवारी त्याला पुन्हा मारामारीला उतरवण्यासाठी देऊ नका. संघाचा डॉक्टर पगार संघाकडून घेतो, पेशंटकडून नाही. ह्यावर बोला.

डॉ_नाशिक

पगाराचा मुद्दा बरोबर आहे. खेळाडूचा डॉक्टर संघाच्या पगारावर नसावा. एवढंच मान्य, पुढचं नाही.

दादरचा गोलकीपर

गोळ्यांचं वाचलं. ते चूक होतं, त्यावर वाद नाही. पण गोळ्या बंद करा, मारामारी कशाला बंद करायची? सज्ञान माणसं आहेत.

सायली_एडमंटन

एन्फोर्सर सज्ञान झाल्यावर तयार होत नाही, सोळाव्या वर्षी ज्युनियर हॉकीत होतो. मोठ्या अंगाचा आणि स्केटिंग जेमतेम असलेला पोरगा असला की तो प्रशिक्षकाच्या नजरेत भरतो. आमच्या इथे रिंकवर पोरांच्या मॅचला एक बाप काचेवर मुठी आपटत होता, "हाण त्याला!" पोरगं हेल्मेटच्या जाळीआड रडत होतं. क्वेबेकच्या ज्युनियर लीगने 2023 पासून मारामारी केली की थेट बाहेर असा नियम केला. बाकीच्या ज्युनियर लीगनी का करू नये, तेवढं सांगा.

दादरचा गोलकीपर

ज्युनियरला करा बंद. माझा नातू कॅल्गरीत खेळतो, त्याने हातमोजे टाकलेले मलाही बघवणार नाहीत. एनएचएलबद्दल माझं मत तेच आहे.

सायली_एडमंटन

म्हणजे नातवाला नको, दुसऱ्याच्या पोराला चालेल. ह्याच वाक्यासाठी हा धागा काढला होता.